रस्त्यावरून तितर मोजताना: दिसले किती आणि आहेत किती?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी माझ्या गाइड मॅडमना मोठ्या उत्साहाने एक आलेख दाखवला होता. आडव्या अक्षावर महिने आणि उभ्या अक्षावर तितरांची संख्या. डिसेंबरचा खांब बुटका, फेब्रुवारीअखेरचा जवळजवळ दुप्पट. सोलापूरच्या उत्तरेला, नान्नजच्या बाजूला जाणारा तोच गावरस्ता, तीच सकाळची वेळ, तीच मोटरसायकल. गाडी चालवायला माझा चुलतभाऊ आणि मागे दुर्बीण घेऊन मी. आलेखाखाली मी लिहिलंही होतं, "तितरांच्या संख्येत वाढ."

मॅडमनी आलेख बघितला आणि एकच प्रश्न विचारला. "दोन महिन्यांत एवढे तितर आले कुठून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. राखी तित्तिराची वीण मुख्यतः उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चालते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काही त्यांचा पिल्लांचा हंगाम नाही. मी बघितलेले पक्षीही सगळे पूर्ण वाढलेले होते. शिवाय तितर हा काही लांबून उडत येणारा स्थलांतरित पक्षी नाही, तो आपल्याच शिवारात राहतो. म्हणजे माझा आलेख गणिताने बरोबर आणि जीवशास्त्राने अशक्य होता.

खरं उत्तर माझ्या वहीत आधीच होतं. डिसेंबरच्या पहिल्या फेरीत एका शेतकरी काकांनी मला थांबवलं होतं. "काय करायलाव ताई?" मी म्हटलं, "काका, तितर मोजतेय." ते हसले आणि म्हणाले, "तितर व्हय? मग आत्ता कशाला आलाव? ज्वारी काढल्यावर या की. आत्ता समदी ज्वारीत बसल्यात." मी ते वाक्य गंमत म्हणून वहीच्या समासात लिहिलं आणि विसरून गेले. आपल्याकडची रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढली जाते. डिसेंबरात ती माणसाच्या उंचीची असते. तितर होते तेवढेच होते. फेब्रुवारीत फक्त पडदा बाजूला झाला होता.

आजचा लेख या चुकीबद्दल आहे. पर्यावरणशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात एमएस्सी करून पीएचडीची तयारी करणाऱ्यांना ही गोष्ट आधीच कळलेली बरी, कारण मोजणी हा विषय वरवर फारच सोपा वाटतो. पक्षी दिसला, आकडा लिहिला, झालं! पण आपण जे मोजतो ते आणि आपल्याला जे हवं असतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रस्त्यावरची मोजणी म्हणजे काय?

जमिनीवर राहणारे पक्षी मोजणं अवघड असतं. तितर, चितूर, लावा, पखुर्डी, धाविक, माळटिटवी, चंडोल आणि अर्थातच माळढोक, हे सगळे मातीच्या आणि गवताच्या रंगात मिसळून जातात. धोका वाटला की बरेचसे उडत नाहीत, दबून बसतात. त्यात आपला माळ पसरलेला आणि पक्षी विरळ. पायी फिरून मोजायचं तर दिवसभरात फार थोडा भाग होतो. म्हणून जगभर एक सोपा मार्ग वापरला जातो: ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, सावकाश जाणारी गाडी आणि दिसेल त्या पक्ष्याची नोंद. तोच रस्ता पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे उत्तर अमेरिकेतला 'ब्रीडिंग बर्ड सर्व्हे'. चँडलर रॉबिन्स यांच्या पुढाकाराने तो १९६६ मध्ये सुरू झाला. प्रत्येक मार्ग सुमारे ३९ किलोमीटरचा. त्यावर ५० थांबे, दोन थांब्यांमध्ये साधारण ८०० मीटर अंतर. प्रत्येक थांब्यावर बरोबर ३ मिनिटं उभं राहायचं आणि ४०० मीटरच्या आत दिसलेला किंवा ऐकू आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा. सुरुवात सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. नियम इतके काटेकोर आहेत म्हणूनच दशकांनंतरही आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात. उत्तर अमेरिकेत १९७० पासून सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले, हा २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला निष्कर्ष मोठ्या प्रमाणात याच रस्त्यावरच्या नोंदींवर उभा आहे. म्हणजे ही पद्धत कमी दर्जाची अजिबात नाही. पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून वापरली तरच.

सगळा खेळ एका गुणाकाराचा

एक साधं समीकरण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

दिसलेले पक्षी = खरोखर असलेले पक्षी × दिसण्याची शक्यता

या 'दिसण्याच्या शक्यते'ला संशोधनात डिटेक्शन प्रोबॅबिलिटी म्हणतात. ती ० ते १ च्या मध्ये असते. दहा पक्षी आहेत आणि आपल्याला सहा दिसले तर ती ०.६.

आता माझ्याच गोंधळाचं गणित कल्पित आकड्यांनी करून बघू. समजा २० किलोमीटरचा रस्ता आहे आणि आपण दोन्ही बाजूंना १०० मीटरपर्यंत बघतो. म्हणजे पट्टा ०.२ किलोमीटर रुंद आणि २० किलोमीटर लांब, क्षेत्रफळ ४ चौरस किलोमीटर. या पट्ट्यात खरोखर ४० तितर आहेत, म्हणजे चौरस किलोमीटरला १०.

ज्वारी उभी असताना दिसण्याची शक्यता ०.३ धरा. आपल्याला दिसतील १२ तितर. ज्वारी काढल्यावर ती शक्यता ०.६ झाली. आता दिसतील २४. आलेख म्हणेल, 'दुप्पट!' शिवारात मात्र एकही तितर वाढलेला नाही.

याची उलटी बाजू जास्त घातक आहे. समजा दहा वर्षांत तितर निम्मे झाले, ४० चे २० उरले. पण त्याच काळात रस्त्याकडेची झुडपं तोडली गेली, बांध साफ झाले आणि दिसण्याची शक्यता ०.३ वरून ०.६ झाली. तेव्हा दिसत होते १२, आताही दिसतील १२. आपण अहवालात लिहू, 'संख्या स्थिर आहे.' निम्मे पक्षी गेले आणि आपल्या आकड्याला पत्ताच लागला नाही.

म्हणून रस्त्यावर नुसत्या मोजलेल्या आकड्याला 'संख्या' म्हणू नका, 'निर्देशांक' म्हणा. निर्देशांक उपयोगी असतो, पण एका अटीवर: दिसण्याची शक्यता वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहिली पाहिजे. ती तशी राहते हे गृहीत धरायचं नसतं, तपासायचं असतं. २००१ मध्ये डेव्हिड अँडरसन यांनी वन्यजीव संशोधकांना नेमकं हेच खडसावून सांगितलं होतं. सोयीच्या जागी नमुने घेणं आणि न तपासलेल्या निर्देशांकावर विश्वास ठेवणं, या दोन सवयी त्यांनी मूलभूत चुका म्हणून मांडल्या. पीएचडीच्या मुलाखतीत 'रस्त्यावरच्या मोजणीच्या मर्यादा सांगा' असा प्रश्न आला तर उत्तराची सुरुवात इथूनच करा.

दिसणं कशाकशाने बदलतं?

*पीक.* हे आपण पाहिलंच. सोलापुरात तर शिवार वर्षातून दोन-तीनदा चेहरा बदलतं. पावसाळ्यानंतर माळावर कुसळी, पवना, मारवेल वाढलेलं असतं. उन्हाळ्यात तेच गवत चरून, वाळून जमिनीला टेकतं. ऊस असेल तर वर्षभर भिंत उभी.

*दव.* अमेरिकेतल्या आयोवा, मिनेसोटा या राज्यांत दर ऑगस्टमध्ये रस्त्यावरून फेझंट मोजतात. फेझंट म्हणजे आपल्या तितराचा मोठा नातेवाईक. तिथे मुद्दाम भरपूर दव पडलेली, वारा नसलेली सकाळ निवडतात. कारण ओल्या गवतात बसायला पक्ष्यांना नको असतं, ते अंग सुकवायला रस्त्याच्या कडेला येतात. म्हणजे दव असेल त्या दिवशी पक्षी 'वाढतात' आणि नसेल त्या दिवशी 'कमी होतात'. आपल्याकडे हिवाळ्यात उघड्या पाणंद रस्त्यावर सकाळी तितर येऊन बसलेले दिसतात, तेव्हा दवाची नोंद आपणही ठेवायलाच हवी. बोटाने गवताला हात लावून 'कोरडं, ओलसर, चिंब' एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

*वेळ आणि वारा.* सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास आणि दुपारचे बारा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ऊन चढलं की पक्षी सावलीत दबतात. वारा असला की तितरांची ओरड ऐकू येत नाही. गाडी चालू असली तरी तेच, म्हणून ठरावीक थांब्यांवर इंजिन बंद करून ऐकायचं.

*माणूस.* ब्रीडिंग बर्ड सर्व्हेच्या नोंदी तपासताना एक मजेदार गोष्ट लक्षात आली. नवा निरीक्षक आपल्या पहिल्या वर्षी त्याच रस्त्यावर पुढच्या वर्षांपेक्षा कमी पक्षी नोंदवतो. दुसऱ्या वर्षी डोळा आणि कान तयार झालेला असतो. म्हणून विश्लेषणात हा 'पहिल्या वर्षाचा परिणाम' वेगळा काढावा लागतो. तुमच्या प्रबंधातही पहिल्या हंगामातले आकडे तुमच्या शिकण्याचे असतात हे लक्षात ठेवा. शक्य असेल तर पहिला हंगाम सरावाचा धरा आणि तसं स्पष्ट लिहा.

रस्ता जातो कुठून?

समजा आपण दिसण्याचा प्रश्न सोडवला. तरी दुसरा प्रश्न उरतोच. रस्ता हा शिवाराचा नमुना आहे का?

रस्ते माणसांनी माणसांसाठी बांधलेले असतात. ते गावाला गाव जोडतात. गाव तिथे विहीर, विहीर तिथे बागायत. उजनी धरणाचं पाणी आल्यापासून सोलापूर जिल्ह्यात ऊस वाढला आणि चांगले रस्तेही. खडकाळ माळरान, गायरान, पडीक जमीन ही बहुतेकदा रस्त्यापासून आत असते. मग डांबरी रस्त्यावरून मोजलेले पक्षी हे 'सोलापूरचे पक्षी' नसतात, ते 'सोलापूरच्या डांबरी रस्त्यांकडेचे पक्षी' असतात. महामार्गांचं तर नावच नको. सोलापुरातून जाणाऱ्या पुणे-हैदराबाद महामार्गावर ताशी वीस किलोमीटरने गाडी चालवत तितर शोधणं शास्त्रीयदृष्ट्या निरुपयोगी आहेच, जिवावर बेतणारंही आहे.

यावर उपाय तीन.

पहिला, मार्ग आवडीने निवडू नका. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या नकाशावर चौकटी आखा. माळरान, कोरडवाहू आणि बागायत असे गट करा. प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून चौकटी काढा आणि त्या चौकटीत जो गावरस्ता किंवा पाणंद असेल तो घ्या. 'इथे पक्षी चांगले दिसतात' म्हणून निवडलेला मार्ग छायाचित्रासाठी ठीक आहे, नमुन्यासाठी नाही. राजस्थानातल्या थरमध्ये माळढोकाच्या सर्वेक्षणासाठी भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी प्रदेशाच्या १४४ चौरस किलोमीटरच्या, म्हणजे १२ बाय १२ किलोमीटरच्या चौकटी केल्या आणि त्यांत कच्च्या वाटांनी सावकाश गाडी फिरवली. मोठ्या प्रदेशात विरळ पक्षी शोधायचा असेल तर हा नमुना अभ्यासण्यासारखा आहे.

दुसरा, काही ठिकाणी रस्ता सोडून आत चाला. रस्त्याला काटकोनात सरळ रेषेत चालत मोजा. रस्त्याजवळ आणि रस्त्यापासून दूर पक्ष्यांची घनता वेगळी निघते का ते बघा. वेगळी निघाली तर घाबरू नका, ती तुमची चूक नाही, तो तुमचा निष्कर्ष आहे.

तिसरा, एकाच रस्त्याच्या दहा फेऱ्यांना दहा नमुने म्हणू नका. तो एकच रस्ता आहे, दहा वेळा पाहिलेला. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' असं नाव दिलं, आणि आजही प्रबंधांमध्ये ती हमखास सापडते. दहा फेऱ्यांनी त्या एका रस्त्याबद्दलची खात्री वाढते, जिल्ह्याबद्दलची नाही. वेळ कमी असेल तर एक मार्ग वीस वेळा करण्याऐवजी दहा मार्ग दोन-दोन वेळा करा.

अंतर मोजलं की काय होतं?

दिसण्याची शक्यता आपल्याला थेट दिसत नाही, पण ती काढता येते. त्याची युक्ती मला फार आवडते.

रस्त्याच्या अगदी कडेला बसलेला तितर बहुधा सुटत नाही. पन्नास मीटरवरचा कधी दिसतो, कधी नाही. दोनशे मीटरवरचा क्वचितच. म्हणजे अंतर वाढेल तशा नोंदी कमी होत जातात. पक्षी पट्ट्यात सगळीकडे सारखे पसरलेले असतील तर ही घट पक्ष्यांची नाही, आपल्या नजरेची आहे. घट किती वेगाने होते ते मोजलं की आपल्याकडून किती सुटले याचा अंदाज येतो. हेच 'डिस्टन्स सॅम्पलिंग'. बकलंड, अँडरसन आणि सहकाऱ्यांचं याच नावाचं पुस्तक १९९३ मध्ये आलं आणि आता त्यासाठी मोफत सॉफ्टवेअरही मिळतं.

प्रत्यक्षात काय करायचं? पक्षी दिसला की दोन गोष्टी मोजायच्या: तुमच्यापासून पक्ष्यापर्यंतचं सरळ अंतर आणि रस्त्याच्या दिशेशी होणारा कोन. त्यावरून रस्त्यापासूनचं लंब अंतर निघतं. पक्षी ८० मीटरवर आणि कोन ३० अंश असेल तर लंब अंतर ८० × ०.५ = ४० मीटर. अंतरासाठी रेंजफाइंडर विभागात असेल तर उत्तम. नसेल तर आधी आठवडाभर डोळ्याने अंदाज करून मग टेपने तपासण्याचा सराव करा. माझा अंदाज सुरुवातीला किती चुकायचा हे इथे न लिहिलेलंच बरं!

ही पद्धत चालण्यासाठी काही अटी आहेत. रेषेवरचा पक्षी सुटता कामा नये. पक्षी आपल्यामुळे हलण्याआधी जिथे होता तिथलं अंतर घ्यायचं, पळून थांबला तिथलं नाही. तितर तर उडण्याआधी तुरुतुरु पळतोच, म्हणून ही अट आपल्यासाठी महत्त्वाची. तितर थव्याने असतील तर थवा हे एक एकक धरायचं आणि थव्यात किती हे वेगळं लिहायचं. चांगल्या विश्लेषणासाठी एका जातीच्या साधारण ६० ते ८० नोंदी तरी हव्यात असं मानलं जातं.

आणि शेवटची अट रस्त्यावर हमखास मोडते: पक्षी रस्त्याच्या संदर्भात सगळीकडे सारखे पसरलेले असावेत. धुळीत अंग घोळायला तितर रस्त्यावर येतात, किंवा रहदारीमुळे रस्त्यापासून लांब राहतात. आलेख काढल्यावर हे लगेच कळतं. पहिल्या दहा मीटरमध्ये नोंदींचा डोंगर असेल तर पक्षी रस्त्याकडे ओढले जात आहेत. तिथे खड्डा असेल तर ते रस्ता टाळत आहेत. सॉफ्टवेअर दोन्ही वेळा मुकाट्याने एक आकडा देईल. तो आकडा खरा मानायचा की नाही, हे आलेख बघून आपल्यालाच ठरवायचं असतं.

शून्याचा अर्थ काय?

आता सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरचे शिक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरच्या माळढोकांकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झालं. कागदावर त्याचं क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात शेतं, गावं, रस्ते सगळंच होतं. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. २०११ पासून हा पक्षी जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे, आणि आज देशातले बहुतेक माळढोक राजस्थानात उरले आहेत. नान्नजला आता एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

अशा पक्ष्यासाठी ६० नोंदी कुठून आणणार? इथे प्रश्नच बदलतो. 'किती आहेत?' ऐवजी 'आहे की नाही?' असं विचारावं लागतं. आणि 'दिसला नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही.

पुन्हा कल्पित आकडे घेऊ. समजा एका भागात एक माळढोक आहे आणि एका फेरीत तो दिसण्याची शक्यता ०.२ आहे. एका फेरीत तो सुटण्याची शक्यता ०.८. पाचही फेऱ्यांत सुटण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे ०.३३. म्हणजे पाच वेळा जाऊनही, पक्षी असताना, तीनात एकदा आपण 'शून्य' लिहून परत येऊ. हा धोका ५ टक्क्यांच्या खाली आणायला १४ फेऱ्या लागतात. तणमोराचं तर आणखी कठीण. पावसाळ्यात नर गवतातून उंच उड्या मारतो तेव्हाच तो पटकन दिसतो. इतर महिन्यांत रस्त्यावरून शून्य येणं हा पक्ष्याबद्दलचा निष्कर्षच नाही, आपल्या वेळापत्रकाबद्दलचा आहे.

म्हणून वहीत शून्य लिहा, पण त्याच्याशेजारी किती फेऱ्या, किती किलोमीटर, कोणत्या महिन्यात हेही लिहा. एकट्या शून्याला काही अर्थ नसतो. अनेकजण पक्षी न दिसलेल्या सकाळची नोंदच ठेवत नाहीत. ती सकाळ फुकट गेली असं वाटतं. पण ती पानं फाडली की उरलेला सगळा डेटा खोटा होतो.

आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर वन्यप्राण्यांची गणना होते. लोकांना निसर्गाशी जोडणारा तो छान उपक्रम आहे. पण तोही निर्देशांकच. वळवाचा पाऊस पडून गेला असेल तर पाणी सगळीकडे, मग पाणवठ्यावर प्राणी कमी. आकडा घसरला म्हणून प्राणी घसरले असं होत नाही. तर्क तोच, फक्त रस्त्याऐवजी पाणवठा.

मग साध्या तितरांचं काय?

मला बरेचजण विचारतात, माळढोक सोडून तितर कशाला मोजतेस? तितर काय, पायलीला पन्नास!

माझं उत्तर असं आहे. माळढोक चांगल्या संख्येत होता तेव्हा जिल्हाभर वर्षानुवर्षं, त्याच रस्त्यांनी, त्याच पद्धतीने मोजलेली मालिका आपल्या हातात असती, तर घसरण कुठे आणि कधी सुरू झाली हे नेमकं सांगता आलं असतं. पक्षी दुर्मीळ झाल्यावर आपण मोजायला लागतो आणि तेव्हा मोजायलाच काही उरत नाही. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी वापरून ९४२ जातींचा आढावा घेतला आहे. माळरानासारख्या मोकळ्या अधिवासातले पक्षी त्यात घसरणीच्या बाजूला दिसतात. आज पायलीला पन्नास असलेल्या पक्ष्यांची मोजणी आजच सुरू व्हायला हवी. भरपूर आहेत तेव्हाच ६० नोंदी मिळतात, तेव्हाच दिसण्याची शक्यता नीट काढता येते.

इथे एक कटू गोष्ट. तीन-चार वर्षांच्या पीएचडीत तुम्ही 'संख्या घटतेय' हे सिद्ध करू शकणार नाही. त्यासाठी दहा-पंधरा वर्षांची मालिका लागते. तुम्ही करू शकता ते असं: चांगली सुरुवात, तपासलेली पद्धत आणि दुसरा कोणीही तोच मार्ग पुन्हा करू शकेल इतकी स्वच्छ नोंद. संशोधन प्रस्तावात तेवढंच लिहा. मोठं वचन देऊन तिसऱ्या वर्षी घाम फुटण्यापेक्षा हे बरं.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

नोंदवहीत प्रत्येक फेरीला एवढं असलंच पाहिजे: तारीख, मार्ग, सुरुवात आणि शेवटची वेळ, गाडीच्या मीटरचं वाचन, निरीक्षक कोण, चालक कोण, ढग, वारा, दव. दर दोन किलोमीटरला दोन्ही बाजूंचं पीक आणि त्याची उंची: गुडघा, कंबर, डोकं. प्रत्येक नोंदीला जात, थव्यातली संख्या, अंतर, कोन, पक्षी काय करत होता. चालकाने फक्त चालवायचं, मोजायचं नाही. त्याला पक्षी दिसला तर वेगळ्या रकान्यात.

गावातली नावं विचारून घ्या. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' जवळ ठेवा, पण एका गावात ज्याला लावा म्हणतात तो शेजारच्या गावात दुसराच पक्षी असू शकतो. अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या. दुर्मीळ पक्ष्याची किंवा घरट्याची नेमकी जागा कुठेही टाकू नका. आणि पक्षी बाहेर यावेत म्हणून मोबाइलवर आवाज वाजवू नका. त्याने पक्ष्याला त्रास होतो आणि तुमची दिसण्याची शक्यताही बिघडते.

माझा तो आलेख मी फेकून दिला नाही. त्याचं शीर्षक बदललं. 'तितरांच्या संख्येत वाढ'च्या जागी आता लिहिलंय, 'ज्वारी काढणीपूर्वी आणि नंतर रस्त्यावरून दिसलेले तितर'. तोच डेटा, पण आता त्यातून खरं काहीतरी कळतं. पुढच्या हंगामापासून मी प्रत्येक मार्ग ज्वारी उभी असताना आणि काढणीनंतर, अशा दोन्ही वेळा, अंतर मोजून करतेय.

त्या काकांची पुन्हा भेट झाली तेव्हा त्यांना सांगितलं की तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, "मग तवाच ऐकायचं की!" वहीच्या समासात लिहिलेली वाक्यंही डेटा असतात, हे तेव्हापासून मी विसरले नाही. तुम्ही कोणता पक्षी, कोणत्या रस्त्यावर मोजायचं ठरवताय? ठरवण्याआधी त्या रस्त्याकडेच्या शेतात डिसेंबरात काय उभं असतं आणि मार्चमध्ये काय उरतं, एवढं एकदा बघून या.